पोत्यांत भरलेली जावा घ्यावी का?

वाचकाचे पत्र

स.न.वि.वि.

मी मिरजेत एका सहकारी बँकेत नोकरी करतो, वय ३६. इचलकरंजीत आमच्या ओळखीच्या एका घरी १९६७ सालची जावा २५० मोटरसायकल विकायची आहे. मालक यंत्रमागांची दुरुस्ती करत. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी गाडी स्वतःच्या हातांनी पूर्ण खोलली, पण ती पुन्हा जोडण्याआधीच दोन वर्षांपूर्वी ते वारले. आता फ्रेम मागच्या पडवीत भिंतीला टेकवलेली आहे, टाकी आणि मडगार्ड माळ्यावर आहेत आणि इंजिन तीन पोत्यांत व एका लाकडी खोक्यात आहे. काकू ५५ हजार मागतात. ‘घरातून एक बोल्टही बाहेर गेलेला नाही,’ असे त्या सांगतात. आरसी बुक आहे, पण काकांच्याच नावावर. काकांनी कामाच्या नोंदींची एक वही ठेवली होती, असेही त्या म्हणाल्या. मला प्लग साफ करणे आणि चेन ताणणे यापलीकडे काही येत नाही, पण शिकायची हौस आहे. ओळखीचे एक गॅरेजवाले महिनाभरात जोडून देतो म्हणतात. मित्र म्हणतो, यात थोडी भर घातली तर चालू येझदी (जावाचीच पुढची गाडी) मिळेल. ५ हजार इसार देऊन ठेवावा का? आणि दसऱ्याला गाडीला हार घालता येईल का?

— एक वाचक, मिरज

उत्तर

इसार इतक्यात देऊ नका आणि यंदाच्या दसऱ्याचा हार मनातून काढून टाका. या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी होती. गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न मात्र तसा नाही, कारण तुम्हाला काय विकले जात आहे हे आज तुम्हालाही ठाऊक नाही आणि काकूंनाही नाही. त्या खोटे बोलत आहेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. घरातून बोल्ट बाहेर गेला नसेल. पण पोती भरली गेली त्या दिवशी सगळे बोल्ट घरात होते का, हे त्या कशा सांगणार?

चालती गाडी कोणी उगाच खोलत नाही. इंजिन जाम झालेले असते, क्रँकचा (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचा) आवाज येत असतो, गिअर सुटत असतो किंवा धूर थांबत नसतो, म्हणून माणूस पाना हातात घेतो. आणि खोललेली गाडी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते, त्यालाही बहुधा वेगळे कारण असते: एखादा भाग मिळाला नाही, लेथवाल्याने काम बिघडवले, पैसे दुसरीकडे लागले किंवा तब्येतीने साथ दिली नाही. पहिले कारण यंत्रातले असते, दुसरे यंत्रातले असू शकते किंवा घरातले. उभ्या गाडीला किक मारून, कान लावून, सायलेन्सरपाशी हात धरून पाच मिनिटांत जे कळते, ते पोत्यातल्या गाडीकडून कळत नाही. म्हणून ही दोन कारणे शोधणे हेच तुमचे खरेदीपूर्वीचे काम आहे. दुसरे कारण घरातले निघाले तर गाडी घ्यावी, यंत्रातले निघाले तर तिची किंमत बदलते, आणि दोन्ही कळलीच नाहीत तर ५५ हजारांची ही सोडत आहे असे समजावे.

हे मी शहाणपणाने नव्हे, अनुभवाने लिहीत आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका गृहस्थांकडून मी अशीच खोललेली येझदी टेम्पोत घालून आणली. सगळे भाग होते; मी मोजून घेतले होते आणि मोजल्याचा मला अभिमानही होता. आठ महिने घासणे, रंगवणे, नवी बेअरिंगे आणि सील आणणे यात गेले. मग एका रविवारी क्रँक केसमध्ये, म्हणजे इंजिनच्या दोन अर्ध्यांच्या कवचात, बसवून दोन्ही अर्धे एकत्र आणले आणि बोल्ट हाताने लावले, तेव्हा क्रँक बोटाने सहज फिरत होता. पान्याने एकेक बोल्ट आवळत गेलो तसा तो जड होत गेला आणि शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा जागच्या जागी थांबला. सैल केला की फिरे, आवळला की थांबे. हे मी चार वेळा केले, मग खाली बसलो. केसचे दोन अर्धे दोन वेगळ्या इंजिनांचे होते. कारखान्यात हे अर्धे जोडीने यंत्रावर चढवतात आणि बेअरिंगची घरे एकत्रच कापतात, त्यामुळे एकाचा डावा दुसऱ्याच्या उजव्याला किंचित चुकतो, आणि क्रँकला तेवढी चूक पुरते. आधीच्या मालकाने काम का सोडले होते, ते मला त्या रविवारी समजले. त्याने ते सांगितले नव्हते, पण मीही विचारले नव्हते.

तेव्हा एक संपूर्ण दिवस काढून इचलकरंजीला जा. रविवारी सकाळी जा, सोबत मोठी ताडपत्री, बॅटरी, व्हर्निअर (बारीक माप घेण्याचे साधन), खडू, जाड मार्कर आणि झिपच्या पिशव्या न्या, आणि जमल्यास जावा-येझदी स्वतः जोडलेला माणूस न्या. असा माणूस मिळणे वाटते तितके कठीण नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी या गाड्यांचे लोक गावोगावी एकत्र जमतात. कोल्हापूर-सांगली भागातही अशा गाड्या बाळगणारे आहेत आणि एरवी अबोल असलेला माणूसही जावाचा विषय निघाला की अर्धा दिवस देतो. काकूंच्या परवानगीने अंगणात ताडपत्री पसरा, मधोमध फ्रेम ठेवा आणि प्रत्येक भाग गाडीत जिथे बसतो तिथे, त्याच क्रमाने मांडा: पुढे फॉर्क, हँडल, हेडलाइटचा डबा, खाली इंजिनचे भाग, मागे स्विंगआर्म, शॉकअप, चाक, चेनकव्हर. यादी करून जे कळत नाही ते या मांडणीत कळते, कारण जो भाग नाही त्याची जागा ताडपत्रीवर रिकामी दिसते. आयडियल जावा या मूळ कारखान्याच्या जुन्या पार्ट्स बुकच्या प्रती हौशी मंडळींकडे असतात. त्यातल्या सुट्या भागांच्या आकृत्या समोर ठेवल्या तर पोत्याच्या तळाशी सापडलेली वाकडी पट्टी कुठली हेही ओळखता येते. सगळ्याचे फोटो काढा. पुढे गाडी घेतलीत तर हेच फोटो जोडणीला उपयोगी पडतील.

मग इंजिनकडे वळा. पहिल्यांदा केसचे दोन अर्धे कोरडेच एकमेकांवर ठेवा आणि जोडावरून सर्व बाजूंनी नख फिरवा. नख कुठे अडकले, म्हणजे एका अर्ध्याची कड दुसऱ्याच्या बाहेर आली, तर माझ्या येझदीची आठवण ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटजवळ केसला वेल्डिंगचा ओघळ आहे का ते पाहा, कारण तुटलेली चेन गोळा होऊन तिथेच आदळते. क्रँक हातात घेऊन कनेक्टिंग रॉड उभा वर-खाली ओढा. आडवी थोडी हालचाल चालते, किंबहुना ती हवीच. पण उभी टकटक जाणवली तर क्रँकपिन आणि बेअरिंग बदलायचे आहे. जावाचा क्रँक प्रेसने जोडलेला असतो, तो खोलून पुन्हा जोडताना प्रेस आणि डायल गेज दोन्ही वापरता येणारा कारागीर लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी कामे होतात, ही तुमच्या जमेची बाजू आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांचा निमुळता भाग आणि त्यातली चावीची खाच नीट पाहा. डायनॅमोचा रोटर काढायला योग्य पुलर न वापरता कोणी हातोडा चालवला असेल तर त्याचे व्रण इथे दिसतात, आणि ते खोललेल्या माणसाच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जातात.

ब्लॉक बिडाचा आहे. मूळ बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, त्यातून २५० च्या आतबाहेरचे सीसी येतात. व्हर्निअरने बोर मोजा आणि पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा ठोकलेला आहे का पाहा. एकदोन रीबोअर (बोर कापून मोठा करणे) झालेले असतील तर काळजी नाही. बोर फारच वाढला असेल तर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवावी लागेल. बेअरिंगे, ऑइल सील, क्लच प्लेट, केबल, रबरी भाग खराब आहेत की चांगले, हे पाहण्यात वेळ घालवू नका. ते सगळे नवेच घालायचे आहेत असे धरून चाला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद नसेल तर गाडी नीट चालतच नाही, आणि पोत्यात वाळलेल्या सीलवर इंजिन बंद करणे म्हणजे ते पुन्हा उघडण्याची सोय करून ठेवणे.

पैसे खरे कुठे जातात, तर छोट्या आणि देखण्या भागांत. या जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. ती करामत करणारे कव्हरखालचे बारीक भाग पोत्यात आहेत की नाहीत, हे मी सर्वांत आधी पाहीन. त्यानंतर मूळ कार्बोरेटर आणि त्याच्यावरचे झाकण, हेडलाइटचा डबा आणि त्यातला स्पीडोमीटर, मागची चेन पूर्ण झाकणारे दोन्ही कव्हर, बाजूचे टूलबॉक्स आणि त्यांची झाकणे, आणि टाकी. टाकीत बॅटरीचा उजेड टाकून आतून पाहा आणि गुडघ्याच्या रबराखाली बोट दाबून पाहा, पत्रा तिथेच आधी सडतो. या भागांच्या नव्या प्रती मिळतात, चेक प्रजासत्ताकातूनही मागवता येतात. पण एक कव्हर, एक झाकण, एक मीटर करत गेलात तर बेरीज गाडीच्या किमतीपुढे जाते. माझ्या येझदीवर खरेदीच्या अडीचपट खर्च झाला, त्यातला मोठा हिस्सा अशा ‘किरकोळ’ वस्तूंचा होता. एका प्लेटिंगवाल्याने टाकी इतकी घासली की पत्र्याला छिद्र पडले, तो खर्च मी यात धरलेला नाही.

जावाच्या बाजूने बोलायचे तर पहिल्या गाडीसाठी हे यंत्र वाईट नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेक परवान्याने १९६० च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी पुढे सत्तरच्या दशकात येझदी झाली आणि कारखाना १९९६ मध्ये बंद पडेपर्यंत मूळ यंत्र फारसे बदलले नाही. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, टायमिंग गिअर नाही. नटबोल्ट मिलिमीटरचे आहेत, त्यामुळे जुन्या बुलेटवाल्यांसारखे इंची पान्यांचे दुखणे मागे लागत नाही. २०१८ पासून शोरूममध्ये दिसणारी जावा मात्र चार-स्ट्रोकची, सर्वस्वी वेगळी गाडी आहे. तिचे भाग चालतील या भ्रमात राहू नका.

आता कागद. इथे मी थोडा कठोर आहे: फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर आणि केसवरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षरशः जुळत नसेल, तर ही गाडी चालवण्यासाठी घेऊ नका, भाव निम्मा केला तरीही. नंबरावरचा रंग रॉकेलच्या फडक्याने पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा घरी घेऊन या. आकड्यांच्या आसपास पत्रा घासलेला दिसला, किंवा एखादा आकडा रांगेबाहेर बसलेला दिसला, तर तिथेच थांबा. त्यानंतर जुना नंबर परिवहनच्या ऑनलाइन नोंदीत दिसतो का पाहा. १९६७ चा नंबर दिसला नाही तर घाबरण्याचे कारण नाही, पण आरटीओत जुन्या नोंदवहीवरून बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात चढवणे) करून घ्यावी लागते आणि त्याला चिकाटी लागते.

तुमच्या बाबतीत एक गाठ आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. इतकी वर्षे सुट्या भागांत पडलेल्या गाडीचे ते झालेले नसणार, आणि आता करायचे तर गाडी तपासणीला उभी करावी लागेल, जी आज उभी राहू शकत नाही. म्हणजे कागदांची खरी परीक्षा दोन वर्षांनी, गाडी जोडून झाल्यावर. तोवर काकू किंवा त्यांची मुले कुठे असतील, कोणाचे काय म्हणणे असेल, कोण जाणे. मालक वारलेले असल्याने आधी ३१ क्रमांकाच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावावर होते आणि मग २९ व ३० क्रमांकाच्या फॉर्मवर तुमच्या. त्यासाठी लागणारा मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आजच तयार करून घ्या, मुद्रांकावर साधा करार करा आणि त्यात आरटीओच्या कामाला कुटुंब सही-हजेरी देईल असे स्पष्ट लिहून घ्या. ठरलेल्या रकमेतले काही हजार नाव बदलेपर्यंत मागे ठेवण्याची सवलतही नम्रपणे मागा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले आहेत. नव्या नोंदणीला २० हजार रुपये पडतात, मुदत १० वर्षांची असते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बँकेत जायला ती चालणार नाही. शिवाय चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. जुनी नोंदणी जिवंत करता येत असेल तर तोच मार्ग मी धरेन.

तुमच्या गॅरेजवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे: त्यांनी आजवर किती जावा क्रँकपर्यंत खोलून पुन्हा जोडल्या? मी त्यांच्या कौशल्यावर संशय घेत नाही. पण दुसऱ्याने खोललेली गाडी जोडणे हे काम वेगळे असते, आपण काढलेला बोल्ट कुठला हे हाताला आठवते, दुसऱ्याने काढलेला आठवत नाही. महिना तर क्रँक, बोअरिंग आणि प्लेटिंग यांच्या फेऱ्यांतच जाईल, मग रंग, वायरिंग आणि मिळत नसलेला एखादा भाग. नोकरी सांभाळून, रविवारचे काम धरून दीड ते दोन वर्षे मनात धरा. यंदा खंडेनवमीला पाने आणि पुलर यांची पूजा होईल, ती मनापासून करा.

मित्राचे म्हणणे चुकीचे नाही. तुम्हाला गाडी चालवायची असेल, म्हणजे रविवारी सकाळी नरसोबाच्या वाडीला जाऊन यायचे असेल, तर सरळ कागद असलेली चालती येझदी घ्या आणि तिच्यावर शिका. चालत्या गाडीचा कार्बोरेटर खोलून पुन्हा जोडला आणि ती सुरू झाली, यात जे शिक्षण आहे ते पोत्यापासून सुरुवात करणाऱ्याला दोन वर्षे मिळत नाही. जोडण्यातच रस असेल तर जावा घ्या. पत्रात तुम्ही ‘शिकायची हौस’ असे लिहिले आहे आणि त्याच दमात गॅरेजवाल्यांचा महिनाही लिहिला आहे, त्यामुळे या दोनपैकी तुमचे कोणते, ते मला कळलेले नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा: दोन वर्षे उघडे इंजिन कोरड्या जागी, कुलपात ठेवायला जागा आहे का? पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेले भाग पहिल्या पावसाळ्यातच गंजतात.

भावाविषयी. ताडपत्रीवर मांडणी झाल्यावर जे नाही त्याच्या किमती बाजारात विचारून लिहा, जे यंत्रशाळेत जाणार त्याचा खर्च उद्यमनगरात विचारून लिहा, आणि ही यादी काकूंना किंवा त्यांच्या मुलांना दाखवूनच भाव बोला. पतीच्या हातची वस्तू विकणाऱ्या बाईंसमोर गाडीला भंगार म्हणून भाव पाडू नये, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. नंबर जुळले, केसची जोडी खरी निघाली, आणि वर सांगितलेले देखणे भाग बहुतेक हजर असले, तर ५५ हजार मला जास्त वाटत नाहीत. त्यानंतर इसार द्या आणि पावतीवर भागांची यादी जोडा.

आणि या सगळ्याच्या आधी ती वही मागा. यंत्रमागांची दुरुस्ती करणारा माणूस स्वतःची गाडी खोलताना नोंद ठेवतो, तेव्हा ती बारीक असते: कोणत्या दिवशी काय काढले, बोर किती भरला, क्रँक कोणाकडे दिला, कोणता भाग कुठे विचारला आणि मिळाला नाही. शेवटची नोंद कशाची आहे ते पाहा. ती ‘पिस्टन आला, रिंग यायच्या आहेत’ अशी असेल तर काका जोडणीकडे निघाले होते आणि वेळ कमी पडला. ती ‘केस’ किंवा ‘क्रँक’ या शब्दावर थांबली असेल, तर ताडपत्री पसरण्यापूर्वी त्या पानाचा फोटो मला पाठवा.